दोन बोटं ग्रीस

काचेतून गिऱ्हाईक येताना दिसलं तसा काउंटरवरचा मेव्हणा उठला. त्याने ग्रीसच्या डब्यात दोन बोटं बुडवली, थोडं दुसऱ्या तळव्याला फासलं आणि सकाळपासून राबल्यासारखा चेहरा केला.

दुकान सायकलींचं. हा मालकाच्या बायकोचा भाऊ, म्हणून सगळे त्याला मेव्हणाच म्हणत. पाना कुठल्या टोकाला धरतात हे त्याला ठाऊक नव्हतं. पण टीप देताना गिऱ्हाईक तोंड बघत नाही, हात बघतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आतल्या खोलीत मिस्त्रीने सायकल जुळवायची आणि याने ती ढकलत बाहेर नेऊन म्हणायचं, "साहेब, तुमची होती म्हणून जीव ओतला." टीप याच्या खिशात. मिस्त्री आतून हे रोज बघायचा आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मालकाच्या मेव्हण्याची तक्रार मालकाकडे करणार कशी?

"या साहेब, या!" मेव्हण्याने काळे हात मुद्दाम पुढे केले. "कशी पळतेय आपली सायकल?"

साहेब दारातच थांबले. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. ओठाला टाके. टेंपोवाल्याने मागून सायकल आणून पायरीशी टेकवली, तिचं पुढचं चाक वेगळं आणून शेजारी ठेवलं आणि तो निघून गेला.

"उतारावर चाक निघालं," साहेब म्हणाले. जखमी ओठामुळे त्यांना नीट बोलता येत नव्हतं, त्यामुळे राग जास्तच वाटत होता. "चाक माझ्या पुढे पळतंय आणि मी मागून तोंडावर! कुणी केली होती ही सायकल?"

मेव्हण्याचं हसू जागच्या जागी वाळलं. "आत मिस्त्री आहे ना, त्याने. मी आपला फक्त काउंटर बघतो."

"हो? आणि गेल्या आठवड्यात काय म्हणाला होतास? एकेक नट स्वतःच्या हाताने आवळलाय, डोळे मिटून चालवा! टीप घेताना बरा मिस्त्री झाला होतास."

आवाज ऐकून मालक गोदामातून बाहेर आला.

आत मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. त्याला सगळं आठवत होतं. त्या दिवशी त्याने पुढचं चाक बसवलं होतं, नट नुसते बोटांनी फिरवले होते आणि तो पाणी प्यायला गेला होता. परत येतो तर स्टँड रिकामं. साहेब अजून फुटपाथवरच होते. 'थांबा' एवढी एक हाक पुरली असती. पण तेवढ्यात काचेपलीकडे नोट मेव्हण्याच्या खिशात जाताना दिसली आणि हाक घशातच राहिली. नेलीस ना न विचारता? आता निस्तर. चाक डुगडुगेल, साहेब कोपऱ्यावरून परत येतील, मेव्हण्याची सगळ्यांसमोर शोभा होईल, एवढंच त्याच्या मनात होतं. उतार त्याच्या मनात आला नव्हता.

तो बेसिनपाशी गेला. साबणाची पावडर घेतली आणि कोपरापर्यंत हात घासले. नखं घासली. ब्रशने पुन्हा घासली.

"मिस्त्री! बाहेर ये!" मालक ओरडला.

मिस्त्री बाहेर आला. दोन्ही हात समोर धरून उभा राहिला, पांढरेफटक.

"मी काय बोलू, मालक? साहेबांनाच विचारा, सायकल त्यांच्या हातात कुणी दिली."

"यानेच," साहेब म्हणाले.

"दाजी, तुमच्या गळ्याची शपथ, मला नट आवळताच येत नाही!" मेव्हणा रडकुंडीला आला.

"मग हे हाताला काय लागलंय?"

"ते मी लावतो. डब्यातलं."

"लावतोस? ग्रीस? हाताला? कशाला?"

मेव्हण्याने दोन्ही हात पाठीमागे लपवले. साहेब कडवट हसले. हसताना ओठाचा टाका ताणला आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"नीघ," मालक म्हणाला. "पुन्हा दुकानाची पायरी चढायची नाही. तुझ्या बहिणीला काय सांगायचं ते मी बघतो."

मेव्हणा मिस्त्रीच्या अगदी जवळून गेला. "तुला माहितीये," तो दातओठ खाऊन पुटपुटला. मिस्त्रीने त्याच्याकडे बघितलंच नाही. इतक्या वर्षांचं दुखणं दारातून बाहेर चाललं होतं आणि त्याला बरं वाटायला हवं होतं.

मालक साहेबांकडे वळला. "दुरुस्तीचे पैसे घेणार नाही साहेब. आमचा खरा मिस्त्री हा. हाच करेल."

साहेबांनी मिस्त्रीला नीट न्याहाळलं. त्यांच्या आवाजातला राग ओसरला होता, आणि ते जास्त अवघड होतं.

"तुलाच आधी भेटायला हवं होतं मी. यावेळी टीप आधीच देऊन ठेवतो. जरा बघून कर बाबा, भीती बसलीय."

त्यांनी डाव्या हाताने पाकीट काढलं. उघडायचा प्रयत्न केला. ते सुटून पडता पडता राहिलं. शेवटी त्यांनी ते तसंच मिस्त्रीपुढे धरलं.

"काढ तूच. माझ्या हाताने जमत नाही. तुझे स्वच्छ आहेत."