याकोबचा पाना

गावातल्या कॅथलिक मिशनच्या शाळेचा विश्वस्त निवडायचा होता. जालन्याच्या आयटीआयमधून फिटर होऊन आलेल्या याकोब निर्मळने अर्ज भरला. वीस वर्षे शाळेचा हातपंप, बाक आणि घंटा त्यानेच विनामोबदला दुरुस्त केली होती. आता मंडळात बसून आपणही चार शब्द बोलावेत, एवढीच त्याची इच्छा होती.

रविवारी चर्चमधली मिस्सा-प्रार्थना संपल्यावर चिठ्ठ्या मोजल्या. लुकास खरातला एकेचाळीस मते पडली, याकोबला तीन.

चर्चच्या पायरीवर मार्थामावशी बसली होती. त्याने विचारले, "मावशी, तुम्ही बी मला न्हाई दिलं?"

"न्हाई दिलं, लेकरा. ट्रस्टी झाल्यावर कुणी पंपाला हात लावलाय का आजवर? तू खुर्चीत बसल्यावर पोरांनी पाणी कुठून प्यावं?"

"मंग मी निवडून कवा यायचं?"

"आधी काम करणं सोड. मंग बिनविरोध देतो की निवडून!"

आजपासून पान्याला हात लावायचा नाही, असे याकोबने पक्के ठरवले. तेवढ्यात गळ्यातला हार सावरत लुकास आला.

"याकोबभाऊ, जल्दी चला. पंप पाणी ओढंना!"

याकोब हाताची घडी घालूनच निघाला. पंपापाशी पोहोचेपर्यंत मात्र पाना हातात आला होता, आणि पुढची निवडणूक हातची गेली होती.