पट्टीखालची फट

पाथरीच्या माणिकराव मिस्त्रींनी एकाच जीपच्या इंजिनाचं हेड महिन्यात तिसऱ्यांदा खोललं. हेड आणि इंजिन यांच्या जोडात गळती रोखणारं नवं गॅसकेट दोनदा बसवूनही तिथून पाणी गळतच होतं. चाळीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. चुकतंय कुठं, तेच उमगेना. हेडला बाक आलाय का, ते पाहायला त्यांनी पुन्हा त्यावर लोखंडी पट्टी आडवी धरली. खाली फट दिसली नाही. "हेड सरळ हाय, गॅसकेट नवं हाय, मग पाणी गळायलंय कुठून?" ते पुटपुटले. जेवणाचा डबा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी पार्वतीबाई वाकल्या. "पट्टीखालून उजेड दिसायलाय की." "कुठं?" "हे काय, मधोमध." माणिकरावांनी डोळे चोळून पुन्हा निरखलं. त्यांना पट्टीखाली सगळं काळंच दिसलं. मग पट्टी पार्वतीबाईंच्या हाती देत म्हणाले, "आता तू धर. उजेड कुठवर हाय, सांग."