दोन रुपये आणि एक सुपारी

"आकडा सांग आणि लगेच ही सुपारी तोंडात टाक. मग एक शब्दही बोलायचा नाही," बायकोने बजावलं. अनुवादाचा करार संपत होता. सहा वर्षं मी शब्दाला एक रुपया या भावाने भाषेची सेवा करत होतो.

प्रकाशनाच्या मॅडमचा फोन आला. "दोन रुपये," मी म्हणालो आणि सुपारी टाकली. पलीकडे शांतता पसरली. दहा सेकंदांत मला घाम फुटला. सुपारी गालात सरकवून मी म्हणालो, "दीडही चालेल." तरी शांतता. "बरं, जुनाच राहू द्या. आपले संबंध महत्त्वाचे."

"सॉरी, फोन म्यूटवर राहिला होता," मॅडम म्हणाल्या. "मी मघाशीच दोनला हो म्हटलं. पण तुमचं पटलं. संबंध महत्त्वाचे."

समोर बसलेल्या बायकोने सुपारीची डबी बंद केली. "पुढच्या वर्षी अख्खा डिंकाचा लाडू देते."