हिरामणची परीक्षा

मीनलने संगणकात सातव्या नमुन्याचा आकडा बदलला, तेव्हा प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. मग तिने नवव्याचाही बदलला. दोन्हींत निळा रंग चिमूटभर जास्त.

खरं तर तो संगणक चालवायलाच कंपनीने तिला नेमलं होतं. कापडाची चिंधी भिंगाखाली धरली की कुठला रंग किती घालायचा, ते तो मिनिटभरात छापून द्यायचा. अंबरनाथ एमआयडीसीतल्या त्या रंगखात्यात हेच काम हिरामण एकतीस वर्षं नुसत्या नजरेने करत आला होता. आज दोघांची परीक्षा होती. दहा चिंध्या, दहा रंग. यंत्र सरस ठरलं, तर हिरामणने निवृत्त व्हायचं.

"आज रंग ओळखतंय, उद्या आपल्यापेक्षा जास्त विचार करेल!" मॅनेजर दिनानाथ साहेब खुशीत होते.

मीनल मात्र नव्हती. पहिल्या दिवसापासून हिरामणकाका तिला आपल्या डब्यातली तांदळाची भाकरी देत आले होते.

आधी यंत्राच्या कागदाप्रमाणे कापडाच्या पट्ट्या रंगवून दोरीवर वाळत घातल्या. हिरामणने एकेक पट्टी उजेडात धरून पाहिली, मान डोलावली आणि मग आपले रंग मोजायला बसला.

पारखायला उल्हासनगरहून एक कापडव्यापारी आले होते. खिडकीपाशी चिंधी आणि पट्टी जोडून बघायला त्यांनी तासभर घेतला.

"यंत्र, दहापैकी आठ."

मीनलचा जीव भांड्यात पडला.

"हिरामण... सात."

साहेबांनी हिरामणला मिठी मारली आणि निवृत्तीचा कागद त्याच्या हातात दिला. तो घेऊन हिरामण तडक बाहेर पडला. मीनल डोळे पुसत त्याच्यामागे धावली.

फाटकाबाहेर हिरामण कामगारांना पेढे वाटत होता. बदलापूरहून आलेली त्याची बायको रखमाबाई नवं लुगडं नेसून रिक्षात बसली होती.

"काका, मला माफ करा," मीनल हुंदका आवरत म्हणाली.

"माफी कसली? चार वर्सं सुटका मागतोय मी. साहेब म्हनायचे, तुझ्यासारखी नजर आनू कुठून? जलमभर निळा रंग कालवला, पन रखमाला अजून समुद्र दावला न्हाय."

त्याने तिच्या हातावर पेढा ठेवला आणि आवाज हळू केला.

"पन तू बी कमाल केलीस, पोरी. तू दोन पट्ट्या बिघडवल्यास, म्हनून मला तीन बिघडवाव्या लागल्या!"