मागचा आवाज

तलासरीच्या शाळेतला लिनक्सवाला कॉम्प्युटर मुका झाला होता. उद्या मुलांना कविता ऐकवायच्या, म्हणून सोनलबाईंनी साउंड कार्डाचा ड्रायव्हर नव्याने टाकला आणि चाचणी लावली.

डाव्या स्पीकरमधून एका बाईचा आवाज आला, ‘लेफ्ट.’ उजव्यातून, ‘राइट.’ मग पाठीमागून, ‘रिअर.’

स्पीकर दोनच होते. मागे नुसते रिकामे बाक.

त्यांनी ड्रायव्हर काढला, वायरीही उपटल्या. समोरचं सगळं गप्प झालं. मागचा आवाज तेवढा चालूच राहिला, ‘रिअर... रिअर...’, दर खेपेला जास्त घोगरा. वळून बघायचा त्यांना धीर होईना.

तेवढ्यात शाळेची खिचडी शिजवणारी पुतळी चहा घेऊन आली.

“बाई, हा चहा आधी त्यांना देते,” ती सोनलबाईंच्या मागे जात म्हणाली. “बोलून बोलून घसा बसलाय त्यांचा.”