नगरपंचायतीचं गाऱ्हाणं

नगरसेवक आणि कर्मचारी यांच्यातले संबंध सुधारावेत म्हणून नगरपंचायतीत सुसंवाद बैठक ठेवली होती. आरंभी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचा मान नळाचं पाणी सोडणाऱ्या गंगारामला मिळाला. साहेबांसमोर तोंड उघडायची एरवी त्याची छाती होत नव्हती, पण देवाला सांगायला कसली भीती!

“बा देवा म्हाराजा, हे नगरसेवक फोन करून आपापल्या वाडीत आधी पाणी सोडूक सांगतत, आणि बाकीचे लोक आमका गाळी घालतत. हेंका बरी बुद्धी दी रे म्हाराजा!”

रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी, नगरसेवकांनीसुद्धा, मोठ्याने म्हटलं, “होय म्हाराजा!”

गंगारामला भरून आलं. प्रसादाचं खोबरं तोंडात असतानाच उपाध्यक्षांनी त्याला बाजूला घेतलं.

“गंगाराम, उद्या आधी आमच्या वाडीत सोड हां पाणी.”

 

गंगारामने पुन्हा हात जोडले. “होय म्हाराजा.”