दिगंबररावांची कॅप

किडलेल्या दाढेवर इंदुमतीबाईंनी नवी कॅप बसवलीच नाही. गेल्या वर्षी वारलेल्या दिगंबररावांची बसवून घेतली. कॅप ज्याची, तोंडाला चव त्याची, हे आता शेंबडं पोरसुद्धा जाणून होतं. घरी येऊन त्यांनी ह्यांची आवडती चिंचगुळाची आमटी केली आणि भुरका मारला. चवच नाही! मीठ घातलं, तिखट घातलं, तरी नुसतं गरम पाणी. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

"कॅप बिघडलीय का हो?"

"नाही बाई. त्यांच्या तोंडाची चव पंधरा वर्षांपूर्वीच गेली होती. तुम्हाला बोलले नाहीत?"

इंदुमतीबाई चक्रावल्या. मग शेवटपर्यंत "आज मीठ चिमूटभर कमी पडलंय हं" म्हणत दुसरी वाटी मागणारा हा माणूस नेमकं खात काय होता?